सहा बरण्या : व्हर्जिनिया-लॅटाकिया मुरवण्याच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०१९

केंडल या इंग्लंडातल्या गावाहून पाइपच्या तंबाखूचा माल आला. ५५५ नंबरच्या बसने गेलो, येताना लँकेस्टरला उतरेपर्यंत भिजून चिंब. पिशवी मात्र कोटाच्या आत होती. लाल व्हर्जिनिया १२० ग्रॅम, पिवळा व्हर्जिनिया १२० ग्रॅम, सुटा सायप्रस लॅटाकिया १६० ग्रॅम. किती पैसे गेले ते लिहीत नाही, ही वही घरात सगळ्यांच्या हाती लागते.

काय करायचंय ते एकदा मांडून ठेवतो. पाइपवाले ज्याला इंग्लिश मिश्रण म्हणतात त्याचा गाभा दोन पानांचा : गोडसर व्हर्जिनिया आणि धुरकट लॅटाकिया. बहुतेक डब्यांत तिसरं तुर्की पानही असतं, केंडलच्याच स्क्वाड्रन लीडर नावाच्या मिश्रणात आहे. मी तुर्की मुद्दाम गाळलंय. तीन भिडू झाले की कुणी काय केलं ते कळत नाही.

जुने पाइपवाले दोन गोष्टी सांगतात. व्हर्जिनिया ठेवला की मुरतो, गोडी वाढते. लॅटाकिया ठेवला की त्याचा धूर वर्षागणिक विरत जातो. मग दोघांना एका बरणीत कोंडलं तर किती वर्षांनी कोण वरचढ होतं? आमच्या घरात आंब्याचं लोणचं तीन वर्षं मुरलेलं निघालंय, तंबाखू कुणी मुरवली नव्हती. आजोबांची निपाणीत वखार होती, पण तिथे माल मुरवायला नाही, भाव चढेल म्हणून ठेवायचे.

कच्चं पान आणून सगळं घरी करावं असं फार वाटत होतं. पण २०१७ पासून इथे कच्ची तंबाखू बाळगायला महसूल खात्याची मंजुरी लागते. त्या वाटेला गेलो नाही. कर भरलेला तयार माल, त्याची मिसळ.

१३ ऑक्टोबर २०१९

दोन्ही माल वर्तमानपत्रावर पसरले.

व्हर्जिनियाला वाळल्या कडब्याचा वास, आणि त्याखाली किंचित आंबूस गोड झाक. गुऱ्हाळावर काकवी उकळताना बाहेर रस्त्यापर्यंत येते तशी. लाल पानात ही झाक जास्त, पिवळ्यात कडबा जास्त. लॅटाकिया काळा कुळकुळीत, हाताला कोरडा आणि हलका. बोटांना काही लागत नाही, पण वास दोन वेळा साबण लावूनही जात नाही. मला आधी नव्या कोल्हापुरी वहाणा कागदातून काढल्यासारखं वाटलं, मग विझलेली शेकोटी. हिच्या नाकापुढे धरला. ही तंबाखूच्या वाऱ्याला उभी राहत नाही, पण नाक तिचं माझ्या दुप्पट. म्हणाली, "हुरड्याच्या आगटीत कुणाचं तरी पायताण पडलंय."

या दोघांना एका कागदावर बघताना गंमत वाटते. व्हर्जिनिया भट्टीत वाळवतात तेव्हा आग बाहेर असते आणि उष्णता नळ्यांतून आत फिरते. पानाला धुराचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, एवढ्यासाठी तो सगळा खटाटोप. पान आधी पिवळं पडू द्यायचं, मग उष्णता चढवून तो रंग आणि साखर तिथेच थांबवायची, आठवड्याभरात काम संपतं. लॅटाकियाचं उलटं. उन्हात सुकवलेलं पान टांगून खाली दिवसेंदिवस धुमसती धुनी. सायप्रसमध्ये त्या धुनीत पिस्त्याच्या कुळातलं मॅस्टिकचं झुडूप, मर्टल, पाइन, सायप्रसचं लाकूड. पानाची स्वतःची चव फारशी उरत नाही, उरतो तो त्या रानाचा धूर. नाव सीरियातल्या लॅटाकिया बंदराचं, पण तिकडच्या धुनीवर जंगल वाचवण्यासाठी बंधनं आली आणि आता बाजारात दिसतो तो सायप्रसचाच.

१६ ऑक्टोबर २०१९

ओल मोजली. पाच ग्रॅम माल, बशीत पातळ पसरून, १०० अंशांवर तीन तास ओव्हनमध्ये, मग पुन्हा वजन. व्हर्जिनिया ५.०० चा ४.०२ झाला, म्हणजे ओल १९.६ टक्के. लॅटाकिया ५.०० चा ४.३४, म्हणजे १३.२. ओव्हनमध्ये पाण्याबरोबर इतरही काही उडून जातं, त्यामुळे हे आकडे सोनाराच्या काट्याचे नाहीत. आपसात तुलना करण्यापुरते चालतील.

साडेएकोणीस टक्के म्हणजे बुरशीला आवतणच. व्हर्जिनिया रात्रभर पसरून ठेवला.

ही माहेरच्यांशी बोलत वरच्या खोलीत होती. खाली आली आणि काही न बोलता स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या उघडल्या. बाहेर सहा अंश.

१७ ऑक्टोबर २०१९

सकाळी व्हर्जिनिया ५.०० चा ४.१९. ओल १६.२. ठीक.

मिसळ अशी : 'क' मध्ये लॅटाकिया २५ टक्के, 'ख' मध्ये ४०, 'ग' मध्ये ५५. बाकी व्हर्जिनिया, लाल-पिवळा निम्मा निम्मा. प्रत्येकाची निम्मी मिसळ सुटी भरायची, निम्मी दाबून वडी करायची. सुट्याला १, वडीला २. म्हणजे क१, क२ अशा सहा बरण्या, प्रत्येकीत ६० ग्रॅम.

'ख' ची २० ग्रॅम जास्त झाली. फेकवेना. फॉइलच्या पुडीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये मटारामागे टाकली.

२३ ऑक्टोबर २०१९

वड्या झाल्या. स्टीलचा चौकोनी डबा, आत बसेल अशी सागाची फळी, वरून दोन शिकंजे. रोज संध्याकाळी पाव फेरा आवळायचा. दाबण्याआधी पान मऊ पडावं म्हणून वाफ दिली, आणि दाबल्यावर डबा झाकून ६० अंशांवर चार तास ठेवायचा बेत होता.

'ख' च्या वेळी खुर्चीतच डोळा लागला. सात तास झाले. वडीची एक कड काळपट, बाकी ठीक. १८३९ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅसवेल काउंटीत स्लेड नावाच्या मळेवाल्याकडे राबणारा स्टीफन हा गुलाम असाच भट्टीवर झोपला. जाग आली तर आग विझत आलेली. घाईने त्याने कोळसा टाकला, उष्णता एकदम चढली, आणि पान तपकिरी होण्याऐवजी सोन्यासारखं पिवळं निघालं. पिवळ्या व्हर्जिनियाचा धंदा त्या डुलकीवर उभा राहिला असं सांगतात, आणि नफा अर्थातच त्याच्या मालकाला. माझ्या डुलकीतून एक काळी कड निघाली.

बरण्या काचेच्या, कडीच्या, रबरी रिंगच्या. जिन्याखालच्या कपाटात.

२७ ऑक्टोबर २०१९

पहिली चव. सहा बरण्यांना सहा पाइप, सगळे मक्याच्या बुरकुंडाचे. मिसुरीतल्या वॉशिंग्टन गावात १८६९ पासून बनतात, स्वस्त आहेत. चांगल्या ब्रायर लाकडाच्या पाइपात लॅटाकिया एकदा ओढला की पुढचे पन्नास भरणे त्याचंच भूत येत राहतं. प्रयोगासाठी बुरकुंडच बरं.

क१ : छान. धूर मागे, गोडी पुढे. आज संपवून टाकावा असा.

ख१ : तोल बरोबर. दुकानातल्या डब्यासारखा.

ग१ : डांबर. अर्ध्यात ठेवला. जीभ पानात चुना जास्त झाल्यासारखी सोलवटली. यात चूक लॅटाकियाची नाही, वैतागून भराभर ओढणाऱ्याची आहे. मऊ ओढला तर लॅटाकिया जिभेला व्हर्जिनियापेक्षा सौम्य.

१५ डिसेंबर २०१९

क२ गेली.

कडी उघडली आणि तळघराचा वास आला, पावसाळ्यात ओली चादर कपाटात राहिल्यासारखा. वडी मधोमध फोडली. आत पांढरे केसाळ ठिपके, भिंगातून कापसासारखे, फुंकर मारली तर हलणारे. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. वाफ दिल्यावर ओल पुन्हा मोजलीच नव्हती. त्यात 'क' मध्ये व्हर्जिनिया सगळ्यात जास्त, म्हणजे ओलही जास्त आणि साखरही. दाबलेल्या वडीच्या पोटातलं पाणी बाहेर यायला जागा नाही. आई लोणच्याच्या फोडी मीठ लावून उन्हात धरायची ते काय शास्त्र म्हणून नव्हे, आणि मी पदवी घेऊन काटा वापरून हे केलं.

बरणीसकट कचऱ्यात. बुरशी लागलेली तंबाखू वाळवून वाचवायला जाऊ नये, ती पुढे तोंडात जायची असते.

ख२, ग२ उघडून पाहिल्या, वास स्वच्छ. दोन तास उघड्या ठेवून पुन्हा बंद केल्या. आता पाच.

२९ मार्च २०२०

सगळं बंद. बरण्यांची वजनं केली, जिथल्या तिथे. वेळ इतका आहे की रोज उघडाव्याशा वाटतात. कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली हिच्याकडे दिली.

१७ ऑक्टोबर २०२०

एक वर्ष.

क१ चा धूर ओसरलाय. चार झुरक्यांनंतर तो आहे हे आठवण करून घ्यावं लागतं. ख१ गोल झालाय, दोन पानं वेगळी वेगळी बोलत होती ती आता एका सुरात. ग१ अजून डांबरच, पण टोक बोथट झालंय.

वडी आणि सुट्यात फरक आहे पण मी समजत होतो तेवढा नाही. ख२ चा रंग गडद, वास जास्त दाट, हळू जळते. वाचलं होतं की दाबल्याने चवच बदलते. वर्षभरात तरी मला जळण्याची चाल बदललेली दिसते.

व्हर्जिनियाच्या पोटात काय चाललंय ते थोडं माहीत आहे. साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांत रुजतायत. भाकरी तव्यावर डाग धरते तेव्हा मिनिटात होतं तेच, इथे खोलीच्या गारठ्यात वर्षं घेतं. लॅटाकियाकडे मुरायला साखरच फार नाही. त्याच्याकडे आहेत ती लाकूड धुमसताना निघालेली, धुराला वास देणारी रसायनं : फिनॉल, ग्वायाकॉल आणि त्याची भावंडं. ती हळूहळू उडतात किंवा दुसऱ्या कशाला जाऊन चिकटतात. एक कमावतोय, दुसरा साठवणीवर बसून खातोय.

२१ जानेवारी २०२१

कोविड. ताप तीन दिवसांत गेला, वास मात्र गेला तो आलेला नाही. ग१ नाकाला लावली. काही नाही. हिंगाची डबी लावली. काही नाही.

६ जून २०२१

वास परत येतोय तो भलताच. कॉफीला गटाराचा, कांदा परतताना जळक्या केसांचा. लॅटाकिया म्हणजे टायर. व्हर्जिनियाला वासच नाही. हिला पाचही बरण्या हुंगायला दिल्या आणि तिने सांगितलेलं लिहून घेतलं :

"क म्हणजे मनुका. ख म्हणजे मनुका आणि चूल. ग म्हणजे तुझ्या आजोबांची ट्रंक."

मी म्हटलं, आजोबांची ट्रंक तू कधी पाहिलीस? म्हणाली, "पाहिली नाही, पण हाच वास असणार तिचा."

१४ नोव्हेंबर २०२१

नाक बहुतेक जागेवर आलंय. बहुतेक म्हणजे किती ते मला कसं कळणार, हाच घोळ आहे. दोन वर्षं मी काय लिहीत होतो? आज ओढलेल्या ख१ ची तुलना मागल्या ऑक्टोबरच्या ख१ च्या आठवणीशी. बरणीतला माल बदलला की माझं नाक बदललं, हे या वहीतून सांगता येत नाही. कोविडने ते ढळढळीत केलं एवढंच. सर्दी, वय, त्या दिवशीचं जेवण, नाक रोजच थोडं बदलतं.

मग मटारामागची पुडी आठवली.

उणे अठरा अंशांत मुरण्याची गती जवळपास थांबते. म्हणजे ती २० ग्रॅम 'ख' अजून ऑक्टोबर २०१९ मध्येच आहे. पुडी तशीच बंद बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ दिली, मग उघडली, नाहीतर थंड पानावर दव धरतं. चार ग्रॅम घेतले, बाकी पुन्हा बांधून आत. १६ उरले.

ओढला आणि थक्क झालो. केवढा धूर होता याला! दोन वर्षांपूर्वी मी याच्यापुढे "तोल बरोबर" असं लिहिलंय. मुरलेला ख१ लगेच ओढला तर त्याच्यात धूर निम्मा वाटला, आणि गोडी, जी मला हळूहळू आल्यामुळे जाणवलीच नव्हती, ती समोर उभी राहिली. अख्ख्या प्रयोगात सगळ्यात शहाणपणाची गोष्ट मी कंजूषपणामुळे केली होती.

९ मार्च २०२२

दवाखान्यात तपासणी. धूम्रपान करता का? म्हटलं, महिन्यातून दोनदा, प्रयोगासाठी. नर्सने 'हो' च्या चौकोनावर टिचकी मारली. तिचं बरोबरच आहे. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडात खेळवतात, म्हणून कर्करोग काही तोंडाला आणि घशाला सोडत नाही. यापुढे चवीचे दिवस वर्षातून चारच.

१६ ऑक्टोबर २०२२

तीन वर्षं. पुडीतले आणखी चार ग्रॅम, उरले १२.

क१ मधला लॅटाकिया संपला. उत्तम व्हर्जिनिया आहे, अंजिरासारखा, पण मग लॅटाकिया घातला कशाला? ग१ आज पहिल्यांदा पूर्ण ओढला आणि राख झाडून पुन्हा भरावासा वाटला. मी ज्याला डांबर म्हटलं होतं तो. धूर आहे पण पाठीमागे सरकलाय, चुलीच्या खोलीत नाही तर शेजारच्या माजघरात बसल्यासारखा. पुढे काळ्या मनुकांची, थोडी चिंचेची आंबटगोड.

म्हणजे पहिल्या दिवशी जो तोलात वाटतो तो ठेवण्याच्या कामाचा नाही. ठेवायचा असेल तर लॅटाकिया जास्तीचा, आज तोंड वाकडं होईल इतका.

१९ फेब्रुवारी २०२३, निपाणी

आईला भेटायला आलोय. सकाळी काकांबरोबर शेतावर. कापलेली तंबाखू रानात पसरलेली, वर दव. विडीची तंबाखू उन्हात वाळते, इथे ना भट्टी ना धुनी. पहाटे दव खाऊन पान मऊ पडतं तेवढ्यात उचलायचं, ऊन चढलं की हातात चुरा. मी इंग्लंडात वाफ देऊन, काटा लावून जे करतो ते काका बोटांनी करतात. एक पान उचललं, मुठीत आवळलं, सोडलं. हळूहळू उलगडलं. "हं, हे झालं," म्हणाले. मी विचारलं, ओल किती टक्के असेल? माझ्याकडे बघत राहिले.

"तिकडं तंबाकू मुरवतोस म्हनं बरण्यांत?"

म्हटलं, होय काका.

"आनि विकत न्हाईस?"

"नाही."

"मग येड लागलंय तुला," म्हणाले, पण प्रेमाने.

दुपारी वखार पाहिली. पत्रे गेलेत, आत कुणाचे तरी ट्रॅक्टरचे टायर. इथे बोद, म्हणजे तंबाखूची मोठी पोती, छतापर्यंत असायचे. चाळणीवर बसणाऱ्या बाया तोंडाला पदर बांधून, तरी खोकत. लहानपणी आम्हाला आत सोडत नसत, दारातूनच ठसका लागायचा. त्यांच्यातल्या कुणाला ही चवीची वही दाखवायची वेळ आली तर मी कुठे बघेन ते माहीत नाही.

१९८१ ला मी पाच वर्षांचा. भाव पडलेले, व्यापारी उधारीवर माल उचलणार आणि पैसे कधी देतील त्याचा नेम नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने पुणे-बंगळूर हमरस्त्यावर ठाण मांडलं, एप्रिलमध्ये गोळीबार झाला, शेतकरी मेले. काका तेव्हा पंचविशीत, रस्त्यावर बसलेल्यांत होते. त्याबद्दल बोलत नाहीत, आजही बोलले नाहीत. आजोबांचा त्या साली न विकलेला माल वखारीतच राहिला एवढं सांगितलं.

त्यांना मी लॅटाकियाची दंतकथा सांगितली. सीरियाच्या डोंगरात म्हणे एका वर्षी पानाला गिऱ्हाईक मिळालं नाही. लोकांनी ते घराच्या आढ्याला टांगून ठेवलं, हिवाळाभर चुलीचा धूर लागला, आणि वसंतात उतरवलं तेव्हा काळं, सुगंधी, नव्याच भावाचं निघालं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्याला उंदीर लागले," म्हणाले.

वासापुरतं एक पान हातरुमालात बांधून न्यावंसं वाटलं. नेलं नाही, विमानतळावर नसती भानगड. हात न धुता मुंबईपर्यंत आलो.

२२ एप्रिल २०२३

ख१ सुकली. गेल्या ऑक्टोबरनंतर वजन करायचं राहून गेलं, आज केलं तर बरणीसकट २.७ ग्रॅम कमी. आत जेमतेम चाळीस ग्रॅम माल होता, म्हणजे ओल पंधरावरून नऊच्या आसपास. पान चुरचुरतंय. रबरी रिंग काढून वाकवली तर तडा गेलेला. साडेतीन वर्षांत रबर कडक होतं, हे बरणी विकणारा सांगत नाही.

उकळून गार केलेलं पाणी फवाऱ्याने, तीन दिवसांत थोडं थोडं. ओल परत आली, वास नाही आला. पाण्याबरोबर जे उडालं ते पाण्याबरोबर परत येत नाही. तंबाखू मुकी झालीय.

सगळ्या रिंगा बदलल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी वजन, भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण.

१९ ऑक्टोबर २०२४

पाच वर्षं. ग२ उघडली आणि काळजात धस्स झालं. वडीवर पांढरे ठिपके.

आधी हुंगलं. तळघर नाही. भिंग घेतलं, दिव्याखाली धरलं. केस नाहीत, कापूस नाही. बारीक टोकदार कण, दिवा हलवला की चमकतात. फुंकर मारली, हलले नाहीत. ओल्या बोटाला लागले ते विरघळले. जांभळ्या किरणांची टॉर्च मारली, काहीच उजळलं नाही. डिसेंबर २०१९ च्या वडीचा फोटो शेजारी ठेवून पाहिला. लांबून दोन्ही सारखेच, पांढरे ठिपके. हे स्फटिक आहेत, पानाच्या आतून वर आलेले. पाइपवाले यालाच मोहर म्हणतात आणि डब्याचा फोटो काढून मिरवतात. मी कचऱ्याच्या डब्याकडे दोन पावलं गेलो होतो.

मग मोठी परीक्षा. हिने आडोशाला तीन कप मांडायचे, दोनांत एक माल आणि तिसऱ्यात दुसरा. हुंगून वेगळा कोणता ते सांगायचं. अंदाजाने ठोकलं तरी तीनात एकदा बरोबर येतं. गोठवलेला 'ख' विरुद्ध पाच वर्षांचा ख२, आठ फेऱ्या. मग जागा बदलून मी मांडले आणि तिने हुंगले.

मी : आठात पाच.

ही : आठात आठ.

पाच नशिबानेही येतात. आठ येत नाहीत. म्हणजे फरक नक्की आहे, आणि तो ओळखायला मी घरातला दुसऱ्या नंबरचा माणूस आहे. तिला विचारलं, कशावरून ओळखलंस? "गोठवलेला ओरडतो," एवढंच म्हणाली आणि हात धुवायला गेली. पुडीत पाच ग्रॅम.

संध्याकाळी ग२ ओढली, मागच्या अंगणात, कोट घालून. पहिल्या अर्ध्या भरण्यात धूर, पण कापूर जळून गेल्यावर गाभाऱ्यात राहतो तसा. मग वडी आत तापली आणि गोडी उघडली : मनुका, खारीक, गुळाच्या ढेपेच्या तळाचा काळा भाग. जीभ शाबूत. राख पांढरट, तळाशी ओल नाही. पन्नास मिनिटं चालली. याच्यापुढे काही लिहायचं सुचेना, वही तशीच मांडीवर.

१८ ऑक्टोबर २०२५

क१ चा शेवटचा भरणा संपवला. बरणी धुतली, वास गेला नाही, लिंबाचं लोणचं घालायला हिने नकार दिला.

ख२ जिथे गेल्या वर्षी होती तिथेच आहे. मला तरी फरक लागला नाही, हिला लागला : "थोडी दमलीय." ग१ मध्ये लॅटाकिया आता ख१ च्या पहिल्या वर्षासारखा, म्हणजे सहा वर्षांत पंचावन्न टक्के चाळिसांसारखे वागायला लागले. ही माझी नुसती आठवण नाही, पुडीतले तीन ग्रॅम शेजारी ठेवून पाहिलंय.

मुकी ख१ अजून मुकी. ती ठेवण्यात अर्थ नाही, पण टाकवत नाही.

ग२ आता २०२९ पर्यंत उघडायची नाही. चिकटपट्टी लावून तारीख टाकली. हिने खाली मराठीत "लोणचं नाही" असं लिहिलं, आणि मुलीने त्याखाली इंग्रजीत.

फ्रीझरमधल्या पुडीत दोन ग्रॅम राहिले. एका भरण्यालाही पुरते नाहीत. ते संपले की ऑक्टोबर २०१९ घरात कुठेच उरणार नाही. नवी फॉइल गुंडाळली, मटारामागे ठेवले.